वर्षाचा एक ठोका

माझ्या मुलीच्या, भार्गवीच्या, रियाजाच्या झांजेवर, कडेपासून सहा सेंटीमीटर आत, एक काळपट लंबगोल डाग आहे. लांबी बेचाळीस मिलीमीटर, रुंदी एकोणीस. त्यावरून बोट फिरवलं की मध्यभागी खळगा लागतो. रोज जिथे काठी पडते तिथे डाग पडणारच. खळगा मात्र जोरात मारल्याशिवाय पडत नाही. जूनमध्ये आम्ही पुण्याहून परत आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी, गच्चीवरच्या खोलीत कुणी नसताना मी तो मोजला आणि वहीत लिहून ठेवला.

ती खोली सुमंतभाऊजींची. ते माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. श्रीगोंद्यात आमच्या बाजूला ड्रम शिकवणारे ते एकटेच. खोलीत दोन ड्रमसेट आहेत आणि झांजा दोन प्रकारच्या. एक, स्टँडवर कायम लावलेल्या पितळी पत्र्याच्या. त्यांच्यावर सगळी मुलं रियाज करतात. दुसऱ्या कपाटात असतात, प्रत्येक वेगळ्या मऊ पिशवीत. त्या काशाच्या, हातोडीने ठोकून घडवलेल्या, परदेशातून आलेल्या. मिरजगावच्या भागवतअण्णांचा ऑर्केस्ट्रा आहे. लग्नं, जत्रा, गणपती. भाऊजी त्यात अठ्ठावीस वर्षं वाजवतात, आणि काशाच्या झांजा तेवढ्यासाठीच बाहेर निघतात. कपाटाच्या दारावर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी आहे : कार्यक्रमासाठी. हात लावू नये.

अपवाद वर्षातून एक. खंडेनवमीला वाद्यांची पूजा होते, आणि दसऱ्याच्या सकाळी प्रत्येक विद्यार्थ्याने काशाच्या मोठ्या झांजेवर एक ठोका मारायचा असतो. एकच. मग झांजा पुसून परत कपाटात. भार्गवी सातव्या वर्षी शिकायला लागली. जूनपर्यंत तिचे अकरा दसरे झाले होते. म्हणजे चांगल्या धातूवर अकरा ठोके.

पुण्यात एका संगीत महाविद्यालयात ड्रमचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी परीक्षकांसमोर वाजवून दाखवावं लागतं, आणि संधी दोनच मिळतात. भार्गवी आत गेली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होते. दाराला काच होती. पियानोबरोबर एक संथ तुकडा वाजवायचा होता. सुरुवात ठीक झाली. मग झांजेचा आवाज फुगत गेला. काशाचा नाद लवकर विरत नाही. पुढचा ठोका आधीच्या नादावर पडतो, म्हणून हात हलका ठेवावा लागतो. तिला तो हलका करता येईना. पत्र्यातून आवाज काढायला जेवढा जोर लागतो तेवढाच तिच्या मनगटाला माहीत होता. पियानोवाल्याने मान वर करून पाहिलं. शेवटी एक परीक्षक उठून आला आणि त्याने झांज हाताने धरून गप्प केली.

घरी कशावर वाजवतेस, असं त्याने विचारलं. तिने खरं ते सांगितलं. मग सहा महिने खऱ्या झांजेवर बस आणि डिसेंबरमध्ये पुन्हा ये, तो म्हणाला. हात चांगला आहे. पण डिसेंबरनंतर येता येणार नाही, हेही त्याने सांगितलं. निघताना मला एका शिक्षकाचा फोन नंबर दिला. त्यांच्याकडे शनिवार-रविवार खऱ्या झांजांवर वाजवायला मिळतं.

परतीच्या एसटीत भार्गवी खिडकीला डोकं टेकून बसली होती. दौंड मागे पडल्यावर मी ठरवलं की भाऊजींकडचं शिकणं बंद. काष्टी येईपर्यंत वाक्यही तयार होतं. घरी पोचलो तेव्हा भाऊजी दारातच उभे होते. कशी झाली, असं त्यांनी विचारलं.

"झाली," मी म्हटलं, आणि चपला काढल्या.

ते वाक्य मी चार महिने बोलले नाही. त्याची कारणं होती. सासरे लवकर गेले. सुहासचं कॉलेज, माझ्या नवऱ्याचं, भाऊजींनी जत्रांमधून ड्रम वाजवून केलं. भार्गवीला त्यांनी अकरा वर्षं मुलीसारखं शिकवलं. घर एकच, स्वयंपाकघर एकच, त्यांची गच्ची आमच्या डोक्यावर. अशा घरात 'तुमच्याकडे शिकणार नाही' हे वाक्य शिकवणीपुरतं राहत नाही.

म्हणून जुलैत मी दुसरं, लहान वाक्य बोलून पाहिलं. डिसेंबरपर्यंत भार्गवीला रोज एक तास काशाच्या झांजांवर वाजवू द्याल का, एवढंच.

भाऊजी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते व्यवस्थित घडी करून ठेवलं.

"यामिनी, तू कारखान्याच्या लॅबमध्ये आहेस. तुमचा चांगला तराजू रोज बटाटे तोलायला काढता का?"

मी म्हटलं, ज्याला त्या तराजूवर काम शिकायचं आहे त्याला तो रोज वापरावाच लागतो. बटाट्यांवर शिकून येत नाही.

"म्हणजे माझी शिकवणी बटाटे."

"मी असं म्हटलं नाही."

"तुला म्हणायला लागतच नाही. वहीत लिहिलं असशील."

त्यांचे मुद्दे चुकीचे नव्हते, हे मला इथे लिहायला हवं. रोज तासन् तास ठोकलं तर काशालाही चीर जाते, आणि एकदा चीर गेली की ती झांज गेली. बंद खोलीत रोज तो आवाज कानांना चांगला नाही. शिकण्यातलं नव्वद टक्के काम मनगटाचं आणि मोजण्याचं असतं, ते रबराच्या तुकड्यावरही होतं. हे सगळं ते बोलले आणि मला ते मान्य होतं. माझं म्हणणं उरलेल्या दहा टक्क्यांबद्दल होतं, आणि भार्गवी नेमकी तिथेच अडली होती. त्यावर ते म्हणाले, पुण्याच्या परीक्षकांना श्रीगोंद्याची पोर नको होती, म्हणून झांजेचं निमित्त.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भार्गवीच्या पुढचा पितळी पत्राही काढला. महिनाभर रबराच्या पॅडवर. वर्गातल्या अकरा मुलांसमोर म्हणाले, पुण्याला जाऊन नापास झालेल्यांनी मागे बसावं, पुढच्यांना शिकू द्यावं. भार्गवी मागे बसली. खाली आल्यावर मी विषय काढला तेव्हा म्हणाली, "आई, तू काही बोलू नकोस. तू बोललीस की ते माझ्यावर काढतात."

हेही खरं होतं.

ऑगस्टमध्ये भाऊजींना ताप आला. त्यांची बायको, सरोजिनीवहिनी, चार दिवस उशाशी होत्या. एका संध्याकाळी मी पेज घेऊन गेले तेव्हा त्यांच्या तोंडात थर्मामीटर होता, बटणाचा, ताप मोजून झाला की वाजणारा. तो वाजला. टीप, टीप, टीप. भाऊजी तसेच छताकडे बघत पडून राहिले. वहिनींनी पुढे होऊन थर्मामीटर काढून घेतला. काढताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग फार घाईने पेजेची वाटी मागितली.

त्यांना माहीत होतं.

ताप उतरल्यावर मी एक गोष्ट केली जी मला करायला नको होती. भाऊजी ओसरीवर पाठमोरे वाचत बसले असताना मी आतल्या खोलीत मोबाईलवर एकेक सूर वाजवला, खालून वरपर्यंत, सारख्या मोठेपणाने. सेकंदाला दोन हजार कंपनांच्या सुराला त्यांनी विचारलं, कसला आवाज आहे. तीन हजारांना मान थोडी वळवली. चार हजारांना नाही. पाच, सहा, आठ हजारांना पान उलटलं. हेच मी तीन वेगवेगळ्या दिवशी केलं. तिन्ही वेळा निकाल तोच.

काशाच्या झांजेत आणि पत्र्यात जो फरक आहे, तो बहुतेक सगळा चार हजारांच्या वर आहे. भाऊजींना दोन्ही सारख्याच ऐकू येत होत्या. ते भार्गवीला 'अजून जोरात, अजून मोकळं' म्हणत राहिले ते त्यामुळे. त्यांना ऐकू येईपर्यंत ती मारत होती. अठ्ठावीस वर्षं त्यांच्या उजव्या कानापासून दोन फुटांवर त्याच झांजा वाजत होत्या.

मी हे फक्त सुहासला सांगितलं. तो कर्जतला बँकेत आहे, मवाळ माणूस. पण त्या दिवशी त्याने मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"दादाला हे सांगायचं नाही. कळलं? त्याचं दुसरं काय आहे?"

मी म्हटलं, मग भार्गवीचं काय आहे ते बघ. डिसेंबरला चार महिने उरले आहेत.

"तुझी लॅब लॅबमध्ये ठेव, यामिनी. घरातल्या माणसांचे नमुने काढू नकोस."

त्यानंतर आमच्यात दोन आठवडे भाजी-दूध-लाइटबिल एवढंच बोलणं होतं.

सप्टेंबरात रोज दुपारी स्वयंपाकघरातून एक बारीक आवाज यायला लागला. भार्गवीने काशाची वाटी पालथी घातली होती, पायाला तेल लावायची, सरोजिनीवहिनींची माहेरून आलेली, आणि पेन्सिलच्या टोकाने ती त्यावर वाजवत होती. इतकं हळू, की पंखा चालू असला तर ऐकू येऊ नये. एक ठोका, मग थांबायचं, नाद पूर्ण संपू द्यायचा, मग दुसरा. काही वेळाने आधीचा नाद संपायच्या आत दुसरा, पण त्याच्यावर न चढवता. मी दारात उभी राहिले. ही युक्ती मला सुचायला हवी होती. तांबं आणि कथील, वाटीतही तेच आणि झांजेतही तेच. मला सुचली नव्हती. मी फक्त मोजत बसले होते.

पाच-सहा दिवस चाललं. मग वहिनींनी वाटी उचलली.

"ही पायाला लावायची आहे. तमाशाला नाही."

"मोठी आई, हळूच वाजवते मी. तुम्हाला त्रास होतो का?"

"मला नाही होत. मला सगळं ऐकू येतं," वहिनी म्हणाल्या, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की आपण काय बोललो. त्यांचा चेहरा लाल झाला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही उभ्या राहून ऐकताय काय? मुलीला भडकवायचं, दिरावर पाळत ठेवायची. मी बघत नाही असं वाटतं का? ओसरीवर ते बसले की तुमच्या खोलीत शिट्ट्या वाजतात."

पाळत ठेवली होतीच.

वाटी त्यांच्या कपाटात गेली. भार्गवीने स्टीलच्या झाकणावर वाजवून पाहिलं, ते सोडून दिलं, आणि पुढचे दिवस ती उजव्या हाताने हवेतच काठी चालवायची. शेवटच्या क्षणी मनगट थांबवायचं. पुन्हा. पुन्हा.

दसऱ्याच्या सकाळी गच्चीवरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अकरा मुलं अंघोळी करून, आपट्याची पानं घेऊन आलेली. काहींच्या आया. काशाच्या झांजा आदल्या दिवशीच कपाटातून निघून चौरंगावर पूजेला बसल्या होत्या. आता मोठी झांज स्टँडवर चढली होती, हळदीकुंकवाची बोटं अजून तिच्यावर होती. भाऊजींनी सिल्कचा कुडता घातला होता. मिरजगावहून भागवतअण्णा आले होते. दर दसऱ्याला ते येतात, मुलांचे ठोके ऐकतात, आणि हंगामातल्या पहिल्या कार्यक्रमाची सुपारी भाऊजींच्या हातावर ठेवून जातात. ते खुर्चीत बसले, गुडघ्यावर टोपी ठेवली.

"मास्तर, औंदा तुळशीच्या लग्नापासनं दिसाआड कार्यक्रम हाय. मनगटाला तेल लावून ठिवा."

"मनगट ठीक आहे, अण्णा. तुमचा गायक आधी सुरात आणा."

"त्यो सुरातच हाय वो. तुमीच आताशा झांज लई जोरात हाणताय, त्यामुळं तो आयकू येत न्हाई."

सगळे हसले. भाऊजीही हसले, पण अर्धा क्षण उशिरा, लोकांकडे बघून. वहिनींनी लगेच पेढ्यांचं ताट पुढे केलं.

लहान मुलांपासून सुरुवात झाली. एकेकाने पुढे यायचं, झांजेला नमस्कार करायचा, काठी घ्यायची, ठोका मारायचा. सगळे जीव खाऊन मारत होते, वर्षातला एकच म्हटल्यावर. प्रत्येक ठोक्याला खिडकीची काच थरथरत होती. भाऊजी झांजेच्या बाजूला उभे होते, तोंड अण्णांकडे, प्रत्येक ठोक्याला मान डोलवत. "शाब्बास. पुढचा."

भार्गवी शेवटी. ती पुढे आली तेव्हा भाऊजी सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही आमची पुण्याची पाहुणी. हिला आमचे पत्रे आवडत नाहीत. बघू, काशाचं काय सोनं करते ते."

कुणीतरी फिसकन हसलं. सुहास माझ्या शेजारी उभा होता, त्याने खाली बघितलं.

भार्गवीने नमस्कार केला. काठी घेतली, टोकाशी नाही, मध्याच्या थोडी मागे, दोन बोटांत. आणि झांजेला लावली. मला तो ठोका म्हणता येणार नाही. काठीचं टोक धातूला टेकलं आणि लगेच उचललं गेलं. आधी एक स्वच्छ टिंब ऐकू आलं. मग त्या टिंबातून नाद उलगडत गेला, बारीक, झिरमिरीत, खोलीच्या चारी कोपऱ्यांपर्यंत, आणि बराच वेळ राहिला. मुलांनी हालचाल थांबवली. इतकी वर्षं ती झांज दर दसऱ्याला माझ्या डोक्यावर वाजत होती, आणि तिच्यात हे आहे हे मला माहीत नव्हतं.

नाद संपायच्या आत भाऊजी म्हणाले, "मार की."

भार्गवीची काठी खाली आलेली होती.

"थांबलीस कशाला? सगळे खोळंबलेत. मार."

"काका, मारला."

"कुठे मारला?" ते हसले आणि अण्णांकडे वळले. "बघा, अण्णा. पुण्याला जाऊन आल्यापासून हात उचलत नाही."

अण्णा हसले नाहीत.

"वाजीवलं की वो मास्तर तिनं," ते हळूच म्हणाले. "लई ग्वाड वाजीवलं."

भाऊजींनी अण्णांकडे पाहिलं, थट्टा आहे की काय म्हणून. मग मुलांकडे. पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती आणि तिच्या आईने तिची मान वळवली. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी ताट खाली ठेवलं होतं.

"वाजलं हो," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बोलत होतात ना अण्णांशी. म्हणून."

ते बोलत नव्हते. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"परत मार," भाऊजी म्हणाले. या वेळी ते झांजेच्या समोर येऊन उभे राहिले, काठीवर नजर लावून. "माझ्यासमोर मार."

एका विद्यार्थ्याला दोन ठोके असं कधी झालं नव्हतं. भार्गवीने काठी उचलली. तिचा चेहरा मला बाजूने दिसत होता. तिची नजर काठीवर नव्हती, काकांवर होती. काठी खाली आली, आणि झांजेच्या दोन बोटं वर थांबली. हात पुढे गेलाच नाही. काहीही वाजलं नाही. खाली रस्त्यावरून टेम्पो गेला तेवढा ऐकू आला.

भाऊजींनी मान डोलावली.

"हं. आता वाजला. असा मारायचा."

भार्गवीने काठी स्टँडला टेकवून ठेवली आणि दोन्ही हात ओढणीत घेतले. तिने मुद्दाम केलं नव्हतं. मी तिचं मनगट चार महिने बघत होते; ते भीतीने थांबलं होतं. पण भाऊजींनी आजूबाजूचे चेहरे पाहिले आणि त्यांना कळलं. नेमकं काय ते नसेल कळलं, पण काहीतरी झालं आहे आणि ते त्यांच्याखेरीज सगळ्यांनी पाहिलं आहे, एवढं नक्की.

अण्णा उठले. टोपी घातली. खिशात घातलेला हात तसाच बाहेर आला.

"येतो मास्तर. सुपारीचं मंग निवांत बोलू. कारखान्याच्या बाजूला काम हाय जरा."

जिन्यात त्यांच्या पावलांचा आवाज पुरता संपेपर्यंत भाऊजी दाराकडे बघत होते. मग ते माझ्याकडे वळले.

"हे तुम्ही ठरवून केलंत, यामिनीबाई."

बावीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा तुम्ही म्हटलं.

मी नाही म्हटलं.

"मोबाईलवर शिट्ट्या वाजवून बघणारी बाई तुम्ही. सरोजिनीने सांगितलं मला. आज पोरीला पढवून माझ्या वर्गासमोर, माझ्या अण्णांसमोर..." त्यांचा आवाज चढला होता, मुळात लागतो त्याहून जास्त, कदाचित त्यांना तो पुरेसा वाटत नसेल. "अठ्ठावीस वर्षं. या झांजांना मी लेकरासारखं जपलं. पावसात स्वतः भिजलो, त्यांना भिजू दिलं नाही. आणि तुम्हाला त्या हिच्या रोजच्या कुटाकुटीला हव्यात."

"काका, आईने काही नाही सांगितलं," भार्गवी म्हणाली. ती त्यांच्या मागे उभी होती. त्यांनी वळून पाहिलं नाही. तिने पुन्हा म्हटलं. तरी नाही.

मुलांच्या आया मुलांना घेऊन उतरायला लागल्या. आपट्याची पानं जमिनीवर पडली होती, ती कुणी उचलली नाहीत.

"आजपासून हिने कुठल्याच झांजेला हात लावायचा नाही," भाऊजी म्हणाले. "पत्र्याच्याही नाही. डिसेंबरपर्यंत रबर. जोर म्हणजे काय ते शिकेल, मग बघू पुणंबिणं. सुहास, ऐकलंस ना?"

सुहासने माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"दादा म्हणतो तर..." तो म्हणाला, आणि थांबला.

भार्गवी माझ्याकडे बघत नव्हती. ती झांजेकडे बघत होती. तिचा उजवा हात ओढणीतून बाहेर आला होता आणि अंगठा दोन बोटांवर, काठी धरल्यासारखा, हळूहळू सरकत होता. डिसेंबरला नऊ आठवडे होते. रबरावर नऊ आठवडे घातले तर वाटीवर मिळवलेलं ते मनगट राहिलं नसतं.

एसटीत तयार केलेल्या वाक्याखेरीज मला एक दुसरं वाक्यही सुचलं होतं. त्यात आकडे होते, तीन हजार आणि चार हजार, तारखांसह. ते बोलले असते तर खोलीतली उरलेली माणसं माझ्या बाजूने झाली असती. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना ते वाक्य येताना दिसत होतं. त्यांनी हात जोडले नाहीत, पण दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले.

मी चौरंग ओलांडून गेले आणि भाऊजींच्या पुढ्यात, खिडकीचा उजेड माझ्या चेहऱ्यावर पडेल आणि त्यांना माझे ओठ दिसतील अशी उभी राहिले. मग एकेक शब्द सुटा करून म्हटलं :

"भाऊजी, भार्गवी उद्यापासून तुमच्याकडे शिकणार नाही."